वर्षश्राद्धाला बाबांना काम सांगू नका

हॅमिल्टन, न्यूझीलंड
८ जुलै २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोन रोज होतो, तरी हे लिहून पाठवतेय. फोनवर अर्धा वेळ "आवाज येतोय का" यातच जातो आणि उरलेल्या वेळात मधूनमधून आत्या बोलते. निखिलला सांगून याचा प्रिंट काढा. मोबाइलवर एवढं लांब वाचायचं म्हटलं की बाबा चष्मा शोधायला उठतात ते परत येत नाहीत.

आधी खुशाली. तब्येत उत्तम आहे. थंडी आहे, सकाळी गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा धरतो, पण घरात हीटर आहे आणि तू दिलेली गोधडीही आहे. ड्युटी, जेवणखाण, घरमालकीण, सगळं होतं तसंच आहे. परवाची आषाढी साबुदाणा भिजवून रीतसर झाली. तेव्हा त्या आघाडीवर निश्चिंत राहा.

आता आत्याची तक्रार. मी इथे माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या, मयताला जाते आणि वर तिथे जेवतेही, असं तिला कुणीतरी सांगितलंय. खरं आहे. लपवण्यासारखं त्यात काय आहे? वॉर्डात ज्यांचं सगळं केलं त्यांच्या घरचे बोलावतात, आणि बोलावल्यावर न जाणं इथेही तेवढंच वाईट दिसतं. राहता राहिलं सुतक. तर आत्याला सांग, यांचं सोवळंओवळं आपल्याहून कडक आहे. हॉस्पिटलात नव्या नर्सला सुरुवातीलाच शिकवतात: डोकं पवित्र, म्हणून डोक्याखालची उशी पायाखाली जाऊ द्यायची नाही. घोटाळा होऊ नये म्हणून बऱ्याच ठिकाणी अभ्र्यांचे रंगच वेगळे ठेवतात. तोंड पुसायचं फडकं वेगळं, अंग पुसायचं वेगळं. जेवणाच्या टेबलावर कंगवा, बेडपॅन ठेवायचं नाही, टेकायचं तर नाहीच. कुणाच्या डोक्यावरून ताट पुढे करायचं नाही. माणूस गेला की त्या खोलीत अन्नपाणी न्यायचं नाही. पार्थिव नेताना पाय पुढे. खोली मोकळी झाली तरी प्रार्थना म्हणून पाणी शिंपडल्याशिवाय त्या खाटेवर दुसरा पेशंट घ्यायचा नाही. आता आत्याच सांगेल, विटाळ कोण जास्त पाळतं ते.

पण मला लिहायचंय ते वेगळंच, आणि ते बाबांबद्दल आहे. (बाबा, तुम्ही वाचताय हे माहीत आहे. वाचा.)

आई, तू म्हणालीस की आजोबा जाऊन वर्ष होत आलं तरी यांच्या डोळ्यांतून टिपूस नाही. बँक, सोसायटी, गुरुजी, सगळं वेळेवर करतात आणि मग खिडकीपाशी बसून राहतात. मला त्यात नवल वाटत नाही. त्या दिवसांत बाबा कुठे होते ते आठवून बघ. डॉक्टरच्या सर्टिफिकेटसाठी धावपळ, पास, आधारच्या झेरॉक्स, वैकुंठ स्मशानभूमीत नंबर केव्हा लागतो त्याची चौकशी, नातेवाइकांना फोन, कुणाला रिक्षा मिळत नाही म्हणून त्याला पत्ता सांगणं. दहाव्याला ओंकारेश्वरावर यादीतलं दर्भापासून तिळापर्यंत सगळं आलं का ते बघणं. तेराव्याला किती पानं सांगायची याचा हिशोब. घरात ज्याचा बाप गेला त्याच्याच हातात सगळी यादी. रडायला उसंत हवी की नको?

इथे उलटं आहे. माओरींच्या अंत्यविधीला तांगीहांगा म्हणतात आणि तो साधारण तीन दिवस चालतो. गावाच्या, म्हणजे खरं तर कुळाच्या, सामायिक वास्तूत होतो. त्या आवाराला माराए म्हणतात: पुढे मोकळं अंगण, मागे पूर्वजांच्या नावाचं मोठं सभागृह, बाजूला जेवणघर. माणूस गेला की पार्थिव टिकावं म्हणून त्यावर प्रक्रिया करून घेतात आणि बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी माराएवर आणतात. पेटी उघडी असते. ती सभागृहात ठेवतात किंवा ओसरीवर, कुळाकुळात फरक आहे. वर पिसांची शाल घालतात, आधी गेलेल्यांचे फोटो भोवती मांडतात. आणि पेटीला लागून गाद्यांवर घरची माणसं बसतात, मुख्यतः बायका, काळ्या कपड्यांत, डोक्याला पाल्याची कडी घालून.

बसतात, बस्स. त्या तीन दिवसांत त्यांनी दुसरं काही करायचं नसतं. स्वयंपाक नाही, स्वागत नाही, भाषण नाही, पैशाचा हिशोब नाही. पार्थिव क्षणभरही एकटं सोडायचं नाही, एवढंच काम, तेही आळीपाळीने. जुन्या रीतीत तर सूर्य मावळेपर्यंत जेवतही नाहीत. बाकी सगळं चुलत-मावस भावंडं, सुना, भाचे, शेजारचं कुळ यांनी वाटून घेतलेलं असतं. अंगणात बोलणारे कोण, हाक घालणाऱ्या बायका कोण, चुलीपाशी कोण, खड्डा खणायला कोण, हे कुणी ऐनवेळी ठरवत बसत नाही. ज्याचं त्याला माहीत असतं.

भेटायला येणारे एकेकटे आत शिरत नाहीत. फाटकाशी थांबतात, चारदोन जण जमू देतात आणि गटाने आत जातात. आतली म्हातारी बाई सूर लावून हाक देते, गटातली एखादी बाई तशीच उलट हाक देते. त्या हाकेत आलेल्यांबरोबर त्यांचे मेलेलेही बोलावलेले असतात. मग बायका पुढे, पुरुष मागे, अगदी हळू चालत पेटीपासून काही अंतरावर जाऊन थांबायचं. आणि तिथे उभ्या उभ्या रडायचं. मोठ्याने. नाक, डोळे वाहतात ते पुसायची घाई कुणी करत नाही, कारण ते वाहणं हाच मान समजतात. पेटीशी बसलेल्या बायकाही पुन्हा सूर धरतात. ते ओसरलं की गट बसतो, भाषणं होतात, मग ओळीने एकेकाच्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवायचं. आणि लगेच जेवणघरात चहा, खाणं. ते चुकवायचं नाही. मृत्यूचा जो विटाळ अंगाला लागतो तो अन्नाने उतरतो असं ते मानतात, म्हणून "नको नको, घरी जाऊन जेवेन" हे पुणेरी सौजन्य तिथे उपयोगाचं नाही. आत्याला मी तिथे का जेवते याचं उत्तर हे.

यातली मख्खी मला फार उशिरा कळली. दुसरा गट येतो, पुन्हा हाक, पुन्हा रडं. मग भाषण, त्यात एखादा विनोद, गाणं, चहा. तोवर तिसरा गट फाटकाशी. दिवसभर हेच. म्हणजे घरच्यांना कुणी "सावर स्वतःला" म्हणत नाही. उलट दर गटाबरोबर त्यांना परत रडायला लावतात आणि परत हसवतात. तिसऱ्या दिवसापर्यंत माणूस रडून पार रिकामा होतो. आपल्याकडे कुणी भेटायला आलं की आपण आधी पाणी देतो आणि मग त्यांनाच धीर देत बसतो.

भाषणांचंही तसंच. बोलणारा आपल्याकडे नाही, पेटीकडे तोंड करून बोलतो. "जा, पूर्वजांकडे जा" असं त्या माणसालाच सांगतो. तक्रारही त्यालाच करतो: माझी होडी नेलीस ती परत आणली नाहीस, भावाशी अबोला धरलास तो तसाच ठेवून चाललास. शेवटच्या रात्री तर सगळे सभागृहात गाद्या टाकून झोपतात आणि पहाटेपर्यंत गाणी, नकला, गेलेल्याच्या फजितीचे किस्से. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, यांना काही पाचपोच आहे की नाही. आहे. सकाळी पेटीचं झाकण लागणार असतं, म्हणून त्या रात्री घरच्यांना एकटं पडू द्यायचं नाही.

आता पाकिटाचं सांगते, कारण मागे फोनवर बाबा म्हणाले, "पैसे जमिनीवर टाकतात? हा काय प्रकार?" प्रकार असा. फाटकाशी थांबलेला गट आत शिरण्याआधीच वर्गणी काढतो. कुणी वीस डॉलर घालतं, कुणी शंभर. सगळं एका पाकिटात, वर गटाचं नाव. त्याला कोहा म्हणतात. आमच्या वायकाटो भागात भाषणं आळीपाळीने होतात, एक घरच्यांचं, एक पाहुण्यांचं. बऱ्याच इतर ठिकाणी आधी सगळे यजमान बोलतात, मग सगळे पाहुणे. प्रत्येक भाषणानंतर त्या बाजूच्या लोकांनी उभं राहून गाणं म्हणायचं. गाणं नसेल तर भाषण उघडं पडतं, म्हणून गाणारं कुणी बरोबर आहे ना हे फाटकाशीच बघून घेतात. पाहुण्यांतला शेवटचा बोलणारा गाणं संपल्यावर चार पावलं पुढे येतो, पाकीट दोन्ही बाजूंच्या मधोमध जमिनीवर ठेवतो आणि मागे सरतो. हातात देत नाही. मग यजमानांपैकी एक जण येऊन ते उचलतो. पाकीट ठेवलं याचा अर्थ आमच्या बाजूचं बोलणं संपलं. म्हणून मधल्याच कुणी घाईने ठेवलं तर मागच्यांची पंचाईत होते. आतल्या खोलीत दोघंतिघं ते मोजून वहीत लिहितात: कोण, कुठून, किती. पूर्वी तिथे रताळी, सुके मासे, ईल असं यायचं, आता रोकड. दफन झाल्यावर पेटीचा, गाडीचा, किराण्याचा, माराएच्या विजेचा खर्च त्यातून भागतो. कमी पडलं तर घरचे भरतात, उरलं तर त्यांना मिळतं. आणि त्या पाकीटवाल्यांकडे उद्या कुणी वारलं की वही उघडून बघतात. लग्नातल्या आहेराच्या वहीसारखंच आहे, बाबा, फक्त इथे ती दुःखाला लावली आहे. ज्याच्या घरी गेलंय त्याने वहीला हात लावायचा नाही, हा भाग मला फार पटला.

बाकी येणाऱ्याने सांभाळायचं ते थोडंच. बोलणाऱ्यांच्या मधून अंगण ओलांडायचं नाही, सभागृहात चपला आणि खाणं न्यायचं नाही, पुढच्या बाकावर बायकांनी बसायचं नाही (यावर इथेही वाद आहेत), न विचारता फोटो काढायचा नाही. दफनभूमीतून बाहेर पडताना हात धुवायचे, अंगावर पाणी शिंपडायचं. तिथे नळ किंवा बादली असतेच. हे आत्याला पसंत पडेल.

दफन करून परत आल्यावर मोठं जेवण, आणि ते पुष्कळदा हांगीत केलेलं असतं. हांगी म्हणजे जमिनीतली भट्टी. खड्डा खणायचा, लाकडं रचून त्यावर दगड, आणि दोनतीन तास जाळ. दगड ज्वालामुखीचा लागतो. नदीतला गोटा घेतला तर आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो आणि तुकडे उडतात. म्हणून हल्ली पुष्कळ जण रेल्वेच्या रुळाचे जुने तुकडेच वापरतात. दगड पांढरे पडले की निखारे काढून टाकायचे, नाहीतर अन्नाला धूर लागतो. मग तारेच्या टोपल्या, खाली मांस, वर बटाटे, रताळी, भोपळा, कोबी, त्यावर ओल्या चादरी, ओली गोणपाटं आणि वरून माती. तीनचार तास. एक माणूस फावडं घेऊन उभाच असतो. कुठे वाफ सुटली की तिथे माती टाकायची, ती सुटत राहिली तर मधलं मांस कच्चं राहतं. आणि वेळ अशी साधायची की लोक दफनाहून परततील तेव्हाच भट्टी उघडली पाहिजे. म्हणजे हांगीवाले बहुधा दफनाला जातच नाहीत. कुणी त्यांना नावं ठेवत नाही, तेही काम त्या माणसासाठीच आहे.

आई, तुझा पुढचा प्रश्न मला माहीत आहे. नाही, हांगीतली भाजी मी खात नाही, मांसाच्या वाफेवरच शिजलेली असते. बटाट्याच्या आंबवणाचा पाव असतो, कोशिंबीर असते, पुडिंग असतं. पोट भरतं.

त्याच संध्याकाळी गेलेल्याच्या राहत्या घरी जातात. धर्मगुरू पुढे, मागे घरचे. प्रत्येक खोलीत प्रार्थना आणि पाणी, कोपरान्‌कोपरा पायाखाली घालायचा, कपाटाची दारंही उघडायची. मगच त्या घरात पुन्हा चूल पेटते आणि सगळे तिथे काहीतरी खातात. हे झाल्याशिवाय घरच्यांना त्या घरात झोपायला सोडत नाहीत. वर्षभराने, कधी त्याहून उशिरा, थडग्यावरचा दगड उघडण्याचा दिवस करतात: दगडावर शाल झाकलेली असते, ती काढतात, आणि तिथे दुखवटा संपला. अधल्यामधल्या काळात फोटो घेऊन नात्यातल्या दुसऱ्या माराएंवर जाऊन येतात. ज्यांना तेव्हा जमलं नाही त्यांचं तिथे रडून होतं. (मला हे लिहिताना कसं वाटलं असेल ते तुम्ही ओळखा. असो.)

सगळंच गोड आहे असं नाही. पार्थिव कोणत्या कुळाने न्यायचं यावर पेटीसमोर भांडणं होतात. पार्थिव मागायला कुणी आलंच नाही तर तो अपमान समजतात, इथपर्यंत ठीक. पण एक प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०१२ साली निकाल लागला की अखेरचा निर्णय मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाचा, मात्र त्याने रीतीरिवाजाचा विचार केला पाहिजे. शहरात राहणाऱ्यांना तीन दिवस शेकडो माणसं जेवायला घालणं परवडत नाही, कर्जही होतं. तरी करतात.

गेल्या वर्षी आजोबांनंतर थोड्याच दिवसांनी, ३० ऑगस्टला, इथले माओरी राजे तुहेइतिया वारले. आमच्या गावापासून जवळच न्गारुआवाहियाला तुरांगावाएवाए माराएवर त्यांना ठेवलं होतं. ५ सप्टेंबरला दफन होण्याआधी, त्यांची पेटी समोर असताना, मुलीला गादीवर बसवलं. ती तेव्हा २७ वर्षांची. मग पेटी होडीतून वायकाटो नदीने ताउपिरी डोंगराशी नेली. टीव्हीवर दिवसभर चालू होतं. पंतप्रधान येवोत की शाळेची पोरं, सगळे त्याच फाटकातून, त्याच हाकेने आत.

नदीवरून आठवलं. आत्याने सुचवलं होतं की आजोबांची थोडी रक्षा इकडे पाठवावी आणि मी ती नदीत सोडावी, म्हणजे मलाही समाधान. कृपा करून पाठवू नका. वायकाटो नदी इथल्या कुळांची पूर्वज आहे, तसं २०१० च्या कायद्यातही लिहिलंय. त्याच नदीतले मासे ते खातात. मृताची राख अन्नाच्या पाण्यात सोडणं त्यांच्या दृष्टीने मोठा बाट आहे. आपल्याला ज्याने पुण्य वाटतं त्यानेच शेजाऱ्याचं पाणी बाटतं, तर ते आजोबांनाही आवडलं नसतं. आळंदीला सोडलीत तेच योग्य.

झाडपाल्याचंही एकदा सांगून टाकते, म्हणजे "कुणी मांत्रिकाकडे जाते का" हा विषय संपेल. इथल्या वैद्यकीला रोंगोआ म्हणतात: पाला, अंग चोळणं आणि प्रार्थना, तिन्ही एकत्र. १९०७ मध्ये सरकारने कायदा करून तोहुंगांवर, म्हणजे त्यांच्या जाणत्यांवर, बंदी घातली होती. तो कायदा १९६२ मध्ये गेला. आणि २०२० पासून अपघात विम्याची सरकारी योजनाच रोंगोआचे पैसे देते. तेव्हा हे चोरूनमारून चाललेलं काही नाही. मयतात डोक्याला बांधतात तो पाला कावाकावाचा. आई, हे झाड मिरी आणि विड्याच्या पानाच्या जातकुळीतलं आहे. पान तसंच हृदयाच्या आकाराचं, चावलं की जीभ किंचित बधिर होते. तोडताना अळीने भोकं पाडलेली पानं घेतात, अळीला जे झाड पसंत तेच औषधाला चांगलं असं म्हणतात. चारपाच पानं उकळून काढा घेतात, किंवा तेलात मुरवून मलम. सर्दीत मीही घेते, आणि बरोबर आपली क्रोसिनही घेते.

दुःखासाठी म्हणून वेगळं औषध नाही. विचारलं तर सांगतात, माराएवर तीन दिवस बसलात का? दगड उघडलात का? मग आणखी काय हवं.

२० जूनला इथे मातारिकी झालं, सरकारी सुट्टी असते २०२२ पासून. मातारिकी म्हणजे आपल्या कृत्तिका. महिनाभर दिसेनाशा होऊन पहाटे पुन्हा पूर्वेला उगवतात तेव्हा यांचं नवं वर्ष. त्यातला एक तारा वर्षभरात गेलेल्यांचा. अंधारात जमून त्यांची नावं मोठ्याने घेतात, आणि गरम अन्नाचं झाकण उघडून त्याची वाफ ताऱ्यांना देतात. नाव कुणीही घेऊ शकतं. आजोबांचं घेतलं. त्याच सुमारास तुमच्याकडे पालख्या होत्या, म्हणून फोन लागला नाही, मला वाटलंच.

आता मुद्द्याचं. श्रावणात वर्षश्राद्ध आहे. विधीत मला काडीचाही बदल सुचवायचा नाही, गुरुजी सांगतील तसंच होऊ दे. पण यादी या वेळी निखिलकडे द्या. सामान, गुरुजींची दक्षिणा, रिक्षा, पानांचा आकडा, सगळं तो बघेल, मी त्याच्याशी बोलले आहे. स्वयंपाक बाहेरून सांगा. वडे-खीर घरचेच हवेत तर काकू करतील. आई, तूही नाही. आणि आदल्या रात्री हॉलमधला सोफा सरकवून सतरंजी घाला, आजोबांचा फोटो मांडा, शेजारी बाबांना बसवा. साताऱ्याचे काका, आजोबांचा पर्वतीवरचा सकाळचा ग्रुप, खालचे जोशी, सगळ्यांना रात्री जेवून या म्हणावं. एकेकाने बोलायचं, बाबांशी नाही, फोटोशी. त्यांनी पेपरातली शब्दकोडी दुसऱ्याच्या आधी भरून ठेवायची सवय कशी लावली होती, जोशींशी पार्किंगवरून दोन वर्षं कसे बोलत नव्हते, सगळं. प्रत्येकानंतर एक अभंग. काकांना म्हणायला सांगा, ते बेसूर गातात ते उत्तमच, कुणाला संकोच राहणार नाही. बाबांचा फोन मात्र त्या रात्री तुझ्याकडे ठेव.

बाबा, "हे कसलं नाटक" असं तुम्ही म्हणणार. म्हणा. पण बसा. भाऊबंदांनी तुमच्या हातातली यादी काढून घेतली तर तो तुमचा कमीपणा नाही.

माझं न येणं. इथे कायद्याने आजी-आजोबांसाठी तीन दिवसांची पगारी रजा मिळते. गेल्या वर्षी ती मिळालीही, पण ऑकलंडहून सिंगापूर, तिथून मुंबई, मग पुणे, यात तीन दिवस नुसते जायला-यायला लागतात. मी मुद्दाम आले नाही असं कुणी म्हणत असेल तर म्हणू दे, तुम्ही तरी म्हणू नका. या खेपेला श्रावणात ड्युटी बदलून मिळत नाही. त्या रात्री व्हिडिओवर असेन, इथे तेव्हा मध्यरात्र उलटलेली असेल, पण दुसऱ्या दिवशी सुट्टी आहे. माझी पाळी सगळ्यात शेवटी ठेवा.

पैसे: काल साठ हजार टाकलेत. चाळीस वर्षश्राद्धाचे, वीस सोसायटीच्या वकिलाचे. रीडेव्हलपमेंटचं पुढे जाण्याआधी फ्लॅट आजोबांच्या नावावरून निघायला हवा, आणि आत्याचं हक्कसोडपत्र तिच्या खुशीने होत असेल तरच करा, गोडीगुलाबीने गळी उतरवू नका. तिचा हिस्सा द्यायचा ठरलं तर मी दरमहा थोडं वाढवून पाठवेन. गेले दोन महिने कमी पाठवले ते गाडीच्या दुरुस्तीमुळे, दुसरं काही नाही.

लग्न: आत्या म्हणते वर्षाच्या आत उरका, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल. श्रावणाला उरलेत किती दिवस, आई? कोथरूडच्या त्या स्थळाला माझा फोटो पुन्हा पाठवू नका. ऑकलंडच्या मुलाशी दोनदा बोलले, मुलगा बरा आहे, आईला मात्र सून तिच्या घरी राहायला हवी आहे आणि मला हॅमिल्टनची नोकरी सोडायची नाही. डिसेंबरात येतेय, तिकीट काढलंय, तेव्हा समोरासमोर बोलू. तोवर कुणाला शब्द देऊ नका. बाबांच्या चेहऱ्यावर हसू यावं म्हणून हो म्हण, असं तू मागे म्हणालीस. त्यावर फोनवर मी काही बोलले नाही, आणि इथेही लिहीत नाही.

आत्याला नमस्कार, निखिलला आशीर्वाद.

तुमची,
मधुरा

ता. क. बाबांचा पासपोर्ट पुढच्या मार्चमध्ये संपतोय. त्यांना इकडे घेऊन यायचं तर आताच अर्ज टाका. फॉर्म निखिल भरेल, बाबा फक्त सही करतील.